मुक्या स्टोव्हची बैठक

आमच्या घरात अठरा स्टोव्ह होते आणि मी चुलीवर स्वयंपाक करत होते. हे ऐकून लोक हसतात. हसा बापडे. मी तेव्हा हसत नव्हते, खोकत होते.

स्टोव्ह म्हणजे पंप मारून पेटवायचे पितळी स्टोव्ह. स्वीडनचे, जर्मनीचे, एखाददुसरा विलायतेचा, आणि बहुतेक पहिल्या महायुद्धाच्या आधीचे. आमचे हे बऱ्हाणपूरच्या एका मिलमध्ये सुताचा नंबर तपासायच्या नोकरीत होते. धागा दोन बोटांत धरून ‘हा वीस नव्हे, साडेएकोणीस’ असं सांगणारा माणूस. असा नवरा असला की बायकोला फार बोलता येत नाही, कारण तिचं प्रत्येक वाक्य तपासलं जातं. या माणसाला जुन्या स्टोव्हचं वेड लागलं. एकट्याला लागलं असतं तर मी अंगारे-धुपारे करून उतरवलं असतं, पण गावात तेच वेड लागलेले आणखी दोघे निघाले. एक चौकात भांड्यांचं दुकान असलेले गिरधरशेठ आणि दुसरे दापोऱ्याचे केळीवाले कौतिक पाटील. त्यांना मलकापूरचे लीलाधरपंत आणि त्यांचे दोन मित्र येऊन मिळाले. सहा माणसं जमली की आपल्याकडे मंडळ होतं. तसं ते झालं. ‘मध्यप्रदेश स्टोव्ह श्रवण मंडळ’, अध्यक्ष आमचे हे, आणि सगळ्यांचे स्टोव्ह आमच्या घरात.

श्रवण अशासाठी, की ही मंडळी स्टोव्ह ऐकत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी पडायची. मलकापूरचे तिघे भुसावळला गाडी बदलून यायचे. एकेक स्टोव्ह पेटवून मधोमध ठेवायचा आणि सगळ्यांनी मांडी घालून, डोळे मिटून त्याची घरघर ऐकायची. कौतिक पाटील मान डोलवायचे. गिरधरशेठ ज्योत निळी झाली की मांडीवर थाप मारून ‘क्या बात है’ म्हणायचे. मी आतून पाणी घेऊन आले तर बोट ओठांवर ठेवून मला परत पाठवायचे.

सगळ्यात मान होता मुक्या स्टोव्हला. काही स्टोव्हच्या बर्नरवर टोपी असते, ते आवाज करत नाहीत. आमच्याकडचा स्वीडिश मुका तर इतका मुका होता, की पेटलाय की नाही हे वरून हात फिरवून बघावं लागे. बैठकीत तो नेहमी शेवटी यायचा. सहा जाणती माणसं अर्धा-पाऊण तास डोळे मिटून काहीच नसलेलं ऐकत बसायची आणि उठताना कौतिक पाटलांच्या डोळ्यांत पाणी असायचं. हा मुका यांनी कुठून आणला, किती वर्षं त्याच्या मागे होते, याची कथा मी इतक्या वेळा ऐकली आहे की ती मला इथे सांगायची नाही.

मंडळाचा नियम एकच होता. ज्या स्टोव्हवर काही शिजलं तो बाद. ‘संसारी झाला’ असं म्हणायचे ते, आणि म्हणताना चेहरा असा करायचे की जणू कुणी बुवा मठ सोडून पळाला. एकदा मी विचारलं, “अहो, मग स्टोव्ह असतो कशासाठी?”

“देवळातली घंटा कशासाठी असते?” हे म्हणाले. “पंगतीला बोलवायला?”

मी आत जाऊन चूल फुंकली.

त्या अठरांपैकी एक स्टोव्ह माझ्या आईचा होता. माझं माहेर खकनारचं. वडिलांनी मी लहान असताना मुंबईहून तो स्टोव्ह आणला होता. आईला त्याची भीती. भडकेल, फुटेल, घर जाळेल. तिने तो कधी पेटवलाच नाही. फडताळात भरतकामाचं झाकण घालून ठेवला, दसऱ्याला त्याला फूल वाहिलं आणि जन्मभर ओली लाकडं फुंकत राहिली. शेवटी छातीच्या दुखण्यानेच तिला नेलं. जायच्या आधी तिने मला जवळ बोलावलं आणि फडताळाकडे बोट करून म्हणाली, “मी भ्याले गं. तू नको भिऊ.”

दिवस-वार झाल्यावर मी तो स्टोव्ह मांडीवर घेऊन मोटारीतून बऱ्हाणपूरला आले. दारातच यांनी तो माझ्या हातातून घेतला. उलटा केला, बर्नरला नाक लावलं आणि ओरडले, “कोरा आहे! अगं, बिलकुल कोरा!” मी पाय धुऊन येईपर्यंत गिरधरशेठ घरात हजर होते आणि आईचा स्टोव्ह मंडळाचा झाला होता. मी भांडले. रडले. हे म्हणाले, “अगं, इतकी वर्षं जो कोरा राहिला त्याच्यावर तू पिठलं करणार?”

तर मी चुलीवर. त्या पावसाळ्यात खोकला असा लागला की बोलता बोलता वाक्य तुटायचं. हे मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि यांच्याकडे बघून स्पष्ट सांगितलं, “यांना धूर बंद करा. नाहीतर पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडे येऊन उपयोग नाही.” यांनी गंभीरपणे मान हलवली. मला बरं वाटलं. वाटेत बराच वेळ गप्प होते, म्हणून अजून बरं वाटलं. मग म्हणाले, “ऐकलंस ना? दवाखान्यात सुया उकळायला ठेवलेला स्टोव्ह. जेट झिजलाय त्याचा, भोक मोठं झालंय. किती वाईट वाटतं ऐकायला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेट झिजलेला ऐकू येतो आणि बायकोची छाती झिजलेली ऐकू येत नाही!

अशात छप्पन साल उजाडलं आणि सरकारने राज्यांची वाटणी काढली. मलकापूर मुंबई राज्यात जाणार, बऱ्हाणपूर मध्यप्रदेशातच राहणार. गावात लोक नोकऱ्यांचं बोलत होते, शाळांच्या भाषेचं बोलत होते. आमच्या पुढच्या खोलीत वेगळीच चिंता होती. मंडळाच्या नावात मध्यप्रदेश आणि अर्धे सभासद उद्यापासून परराज्यात! लीलाधरपंतांचं म्हणणं पडलं की नागपूरला म्हणे कचेऱ्यांतल्या खुर्च्या आणि कपाटंसुद्धा वाटली जात आहेत, मग मंडळाचे स्टोव्ह वाटायला नकोत? सगळ्यांना ते पटलं. या लोकांना असलं काही सांगितलं की लगेच पटतं.

वाटणी पत्रांनी ठरली. नऊ स्टोव्ह इकडे, नऊ तिकडे. अडलं ते मुक्यावर, कारण तो दोन्ही राज्यांना हवा होता. शेवटी तोड निघाली. मुका बऱ्हाणपूरला राहील, त्याच्या बदल्यात मलकापूरला ‘खकनारचा कोरा’ मिळेल. म्हणजे माझ्या आईचा.

हे मला कळलं ते वाटणीच्या आदल्या दिवशी, तेही मी जेवण वाढत असताना. हे म्हणाले, “उद्या चिवडा वगैरे काही कर. लीलाधरपंत तुझ्या आईचा स्टोव्ह न्यायला येतायत.” मंगळसूत्र न्यायला येतायत असं म्हणाले असते तरी याच आवाजात म्हणाले असते.

“तो माझा आहे,” मी म्हणाले.

“होता.” यांनी घास घेतला. “अगं, मुका वाचतोय. समज ना जरा.”

मी समजले. रात्रभर समजत बसले नाही, लगेच समजले. नियम यांचाच होता. ज्यावर शिजलं तो बाद. बाद झालेला स्टोव्ह मंडळाचा राहत नाही आणि मलकापूरला जात नाही.

रविवारी सकाळी मंडळी जमली. लीलाधरपंतांनी आईच्या स्टोव्हसाठी कापूस भरलेलं खोकं आणलं होतं. बैठक सुरू व्हायच्या आधी मी पुढच्या खोलीत गेले आणि म्हणाले, “आईचा स्टोव्ह जरा चिंचेने घासून देते. माहेरची वस्तू आहे, काळी जायला नको.” सगळ्यांना ते फार आवडलं. गिरधरशेठ म्हणाले, “वहिनी, खरंच, तुमचं दिल मोठं आहे.” मी स्टोव्ह घेऊन आत आले.

दिवस शेवटचा म्हणून त्या दिवशी मुका आधी पेटवला होता. बाहेर शांतता पसरली. मी काकडा स्पिरिटमध्ये बुडवून आईच्या स्टोव्हला लावला, बर्नर तापू दिला, चावी आवळली आणि पंप मारला. तो लागला! घरघर सुरू झाली. नुसतं पेटवल्याने स्टोव्ह बाद होत नाही, म्हणून ती ऐकूनही मुक्यासमोरून कुणी उठलं नाही. निळी ज्योत, आणि माझ्या स्वयंपाकघरात धूर नाही. मला आईची इतकी आठवण आली की डोळ्यांपुढचं दिसेना. पण भीतीही वाटत होती, खोटं कशाला सांगू. प्रत्येक पंपाला वाटायचं, आता फुटतोय. तरी मी हिंगाची फोडणी केली आणि मुगाची खिचडी टाकली.

हिंगाच्या वासाला कोण अडवणार? तो पुढच्या खोलीत गेला.

“नंदूभाऊ,” लीलाधरपंतांची यांना हाक आली, “हा वास कायचा हाय?”

मग सतरंजीवरून सहा जण उठल्याचा आवाज. सगळे स्वयंपाकघराच्या दारात. असे उभे की जणू कुणी मेलं आहे.

“वहिनी!” गिरधरशेठ एवढंच म्हणाले.

“खिचडी आहे,” मी म्हणाले. “शिजली आहे. स्टोव्ह बाद. आता तो माझा.”

लीलाधरपंतांनी कपाळाला हात लावला, पण माणूस कायद्याचा होता. कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात इतकी वर्षं व्यवहार बघितलेला. क्षणात सावरला. “थांबा. नियम काय म्हनते? शिजलं तर बाद. चढवलं तर बाद, असं कुठं हाय? गेल्या साली गिरधरशेठच्या स्टोव्हवर दूध तापवलं होतं पोरांनी. तवा आपण काय ठरवलं? दूध तापते, शिजत नाही. स्टोव्ह राह्यला मंडळात. तर आता बघा लागंल, हे खिचडी शिजली का नुसती चढवली.”

“अन् शिजली असंल तं?” कौतिक पाटलांनी विचारलं.

“तर वहिनीचा स्टोव्ह बाद. आन् मंग आमचा बदला कायचा? मुका मलकापूरला येईल. ठरलं तसं हाय.”

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते, खिचडीच्या पातेल्याकडे बघत होते.

पातेलं पुढच्या खोलीत गेलं. सतरंजीवर, मुक्या स्टोव्हच्या शेजारी ठेवलं. मी सहा वाट्या आणि चमचे दिले. दुसरं काय करणार? सहा माणसं खिचडी अशी खाऊ लागली की जणू पंचनामा चालला आहे. लीलाधरपंतांनी एक चमचा घेतला, बराच वेळ चघळला आणि म्हणाले, “कच्ची.” त्यांचे दोन्ही मित्र म्हणाले, “एकदम कच्ची.” गिरधरशेठ म्हणाले, “वा! लोण्यासारखी. पूरी शिजली आहे.” कौतिक पाटलांनी वाटी चाटून ठेवली आणि म्हणाले, “मले तं बरी लागनी ब्वा. शिजेल से.” म्हणजे एकाच पातेल्यातली खिचडी मध्यप्रदेशात शिजली होती आणि मुंबई राज्यात कच्ची होती. अजून राज्यं वेगळी व्हायची होती, पण खिचडीने त्यांच्या आधीच सरहद्द आखली.

“आता अध्यक्ष,” लीलाधरपंत म्हणाले. “तुमचं मत म्हंजे निकाल.”

यांनी वाटी घेतली. मला यांचं मत ठाऊक होतं. कच्ची म्हणाले की मुका वाचतो आणि आईचा स्टोव्ह खोक्यात जातो. शिजली म्हणाले की मुका जातो. आणि मुक्याच्या मागे हा माणूस किती वर्षं हिंडला होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मी दाराची चौकट धरून उभी राहिले. मला खोकला आला, तो मी पदरात दाबला.

यांनी चमचा तोंडात घातला. चावला. पुन्हा चावला. मग एक डाळीचा दाणा जिभेवरून काढून दोन बोटांत धरला, जसा धागा धरतात तसा, आणि दाबून बघितला.

“कच्ची आहे,” हे म्हणाले.

अठरा स्टोव्हच्या घरात एक स्टोव्ह मला मिळत नाही, माझ्या आईचाही मिळत नाही, आणि नवरा डाळीचा दाणा बोटात धरून तसं जाहीर करतो! मी म्हणणार होते की अहो, मी तुमच्याजवळ काय मागितलं होतं आजवर? पण खोकला आला आणि वाक्य तुटलं. आत जायला वळले.

“थांब,” हे म्हणाले. “कच्ची आहे, कारण तुझ्या पंपाला दाब राहिला नाही. मी ऐकत होतो इथून. दोन-तीन पंप मारायचीस की खोकला. मग हात थांबायचा. मग ज्योत खाली बसायची. पुन्हा पंप, पुन्हा खोकला.” त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. “सगळ्या बैठकभर मी दुसरं काही ऐकलंच नाही. पाऊण तास. एवढा वाईट आवाज मी कधी ऐकला नाही गं.”

आणि त्यांनी पातेलं उचललं आणि मुक्यावर ठेवलं.

गिरधरशेठ ओरडले, “नंदूभाऊ! मुका आहे तो!” लीलाधरपंत अर्धे उठले आणि तसेच राहिले. कौतिक पाटलांनी डोळे झाकून घेतले. हे कुणाकडे न बघता पंप मारू लागले, सावकाश, एका लयीत. मग झाकण ठेवलं आणि मांडी घालून बसले.

आता काय करायचं, हे कुणालाच कळेना. म्हणून जे त्यांना येत होतं ते त्यांनी केलं. एकेक जण आपल्या जागी बसला आणि ऐकू लागला. मुका तो मुकाच, त्याचा काही आवाज नाही. पण थोड्या वेळाने पातेल्यात खिचडी बोलू लागली. आधी एखादा बुडबुडा, मग दोन, मग झाकणाखाली बारीक, एकसारखी खदखद. सबंध खोलीत तेवढाच आवाज. कधी नव्हे ते मुक्यासमोर बसून काहीतरी ऐकू येत होतं. मी दारातच खाली बसले. कौतिक पाटलांची मान डोलायला लागली. खदखद जराशी चढली तशी गिरधरशेठची थाप मांडीवर पडली, आणि मग त्यांनी लाजून हात मागे घेतला.

लीलाधरपंत बराच वेळ ऐकत होते. शेवटी डोळे पुसून म्हणाले, “अर्धी त्याच्यावर, अर्धी याच्यावर. नियमानं दोन्ही संसारी. आता दोन्ही कुठंच जात नाहीत. वहिनीचे हायेत.” त्यांनी कापसाचं खोकं स्वतःच बंद केलं आणि बाजूला सारलं. मग मला म्हणाले, “वहिनी, तेवढी पानं घ्या हो. आम्हाला गाडी हाय.”

यांनी झाकण काढलं. वाफ आली. त्यांनी चमच्याने थोडी खिचडी घेतली, फुंकली आणि खाल्ली.

“आता?” मी विचारलं.

“शिजली,” हे म्हणाले. मग आणखी एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “मीठ कमी आहे.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या हातच्या जेवणाबद्दल हा माणूस पहिल्यांदाच काही बोलला होता. मी मीठ आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.